शेल गॅसचे आकडे आणि न काढलेला गाभा

२५ जानेवारी २०११. पश्चिम बंगालमधील दुर्गापूरजवळच्या इच्छापूर येथून एक बातमी देशभर गेली. ओएनजीसीने खोदलेल्या आरएनएसजी-१ या विहिरीत, सुमारे १,७०० मीटर खोलीवरच्या शेल खडकातून वायू बाहेर आला होता. उत्तर अमेरिकेबाहेर शेलमधून वायू काढून दाखवणाऱ्या मोजक्या देशांत भारताचे नाव गेले आणि ऊर्जास्वावलंबनाच्या चर्चेला ऊत आला. ज्या थरातून हा वायू आला त्याचे नाव 'बॅरन मेझर्स', म्हणजे वांझ थर. बराकर आणि राणीगंज या दोन कोळसावाही थरांच्या मधोमध असूनही त्यात खणण्याजोगा कोळसा नाही, म्हणून जुन्या कोळसा-भूवैज्ञानिकांनी त्याला हे नाव दिले होते. वांझ म्हणून हिणवलेल्या खडकाने वायू दिला, ही गोष्ट वृत्तमूल्य म्हणून मोठी गोड होती.

त्याला आता दीड दशक उलटले. दामोदर खोऱ्यात शेल गॅसचे व्यापारी उत्पादन सुरू झालेले नाही. खंबात, कृष्णा-गोदावरी, कावेरी, कुठेही झालेले नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये सरकारने राष्ट्रीय तेल कंपन्यांसाठी शेल धोरण आणले, ओएनजीसीला पहिल्या टप्प्यात ५० क्षेत्रे नेमून दिली, दोन डझनांच्या आसपास विहिरी झाल्या, ऑगस्ट २०१८ मध्ये खासगी कंत्राटदारांनाही अपारंपरिक वायूची दारे उघडली. आता सूर पालटला आहे. 'भारतात शेल चालत नाही' असे म्हणणे हल्ली शहाणपणाचे मानले जाते.

पहिली घोषणा जितकी उतावळी होती तितकाच हा निष्कर्षही उतावळा आहे. दोन्हींचा पाया एकच आहे, तो म्हणजे अपुरे मोजमाप. विंध्य खोऱ्यासारख्या अजून नीट न तपासलेल्या प्रदेशात हीच चूक पुन्हा होण्याची चिन्हे दिसत असताना, विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी या विषयाकडे गप्प राहून पाहणे बरे नव्हे.

आधी आकड्यांची जत्रा पाहावी. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१२ च्या सुरुवातीला मुंबई, कावेरी आणि कृष्णा-गोदावरी या तीन प्रदेशांत मिळून ६.१ ट्रिलियन घनफूट शेल गॅस तांत्रिकदृष्ट्या काढता येईल असे म्हटले. त्याच देशाच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने २०१३ मध्ये भारतातील चार खोऱ्यांसाठी खडकात असलेला वायू ५८४ ट्रिलियन घनफूट आणि त्यातला काढण्याजोगा ९६ असा अंदाज दिला. ओएनजीसीने पाच खोऱ्यांसाठी १८७.५ सांगितले, सीएमपीडीआयने कोळशाच्या सहा उपखोऱ्यांसाठी ४५. स्लमबर्जर या सेवा कंपनीचा आकडा ३०० ते २,१०० असा होता. संसदेतील उत्तरांत, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत आणि समाजमाध्यमांवरील चित्रफलकांत हे सारे आकडे एका खाली एक मांडले जातात, जणू एकाच वस्तूची पाच दुकानांतली किंमत.

त्यांतील सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याच्या जवळजवळ ३४४ पट आहे. भारताचा आजचा वार्षिक वायूवापर ढोबळमानाने अडीच ट्रिलियन घनफूट धरला, तर एका टोकाला हा वायू देशाला अडीच वर्षेही पुरत नाही आणि दुसऱ्या टोकाला आठशेहून अधिक वर्षे पुरतो! दोन टोकांमध्ये इतके अंतर असते तेव्हा तिथे आकडा नसतो, अज्ञान असते. फक्त त्याला एकक जोडलेले असते.

अर्थात ही पाचही मोजमापे एकाच गोष्टीची नाहीत, आणि खरी मेख तिथेच आहे. खडकात अडकलेला एकूण वायू ही एक राशी. त्यातला आजच्या तंत्राने काढता येईल तो भाग ही दुसरी. आजच्या भावात, पाइपलाइन, पाणी, जमीन आणि करांसह परवडेल तो भाग ही तिसरी, आणि तिलाच साठा म्हणावे. पहिल्या राशीला साठा म्हणणे म्हणजे समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या सोन्याला तिजोरीतले सोने म्हणण्यासारखे आहे. समुद्रात सोने आहेच, ते कोणी नाकारत नाही. बातमीत मात्र पहिली राशी छापली जाते आणि वाचकाच्या मनात तिसरी उमटते.

पहिली राशी तरी कशी काढतात? क्षेत्रफळ गुणिले थराची जाडी, गुणिले खडकाची घनता, गुणिले प्रतिटन वायू. हिशेब शाळकरी आहे. घनता बऱ्यापैकी ठाऊक असते. बाकीच्या घटकांपैकी प्रत्येकात दुपटीची चूक असेल, म्हणजे खरे मूल्य अंदाजाच्या अर्धे किंवा दुप्पट असू शकत असेल, तर तीन घटकांच्या टोकांचा गुणाकार आठपट वर आणि आठपट खाली जातो. चुका परस्परांपासून स्वतंत्र असतील तर सगळी टोके एकाच दिशेला पडणे दुर्मीळ, त्यामुळे व्यवहारात ही अनिश्चितता थोडी आकसते. पण प्रतिटन वायूचा आकडा जर त्या खोऱ्यातल्या खडकावर मोजलेलाच नसेल, टेक्सासमधल्या 'सारख्या दिसणाऱ्या' थरावरून उसना घेतला असेल, तर दुपटीची मर्यादा तरी कशाच्या आधारे घालायची? बहुतेक प्रारंभिक अंदाज असेच उसनवारीवर उभे असतात. ते करणाऱ्यांचा त्यात दोष नाही. ते आपल्या अहवालांत तसे स्पष्ट लिहितात. दोष ते वाक्य गाळून आकडा उचलणाऱ्यांचा.

ही चूक केवळ भारताने केली असे नाही. पोलंडसाठी २०११ मध्ये १८७ ट्रिलियन घनफूट काढण्याजोग्या वायूचा अंदाज आला आणि रशियन वायूपासून मुक्तीची स्वप्ने वॉर्सामध्ये रंगू लागली. पुढच्याच वर्षी पोलंडच्या भूवैज्ञानिक संस्थेने देशातल्या जुन्या विहिरींच्या नोंदी वापरून हिशेब मांडला तेव्हा संभाव्य आकडा सुमारे एक दशांशावर आला. सत्तरच्या आसपास विहिरी झाल्या. एक्झॉनमोबिल २०१२ मध्ये निघून गेली, शेवरॉन आणि कोनोकोफिलिप्स २०१५ मध्ये. खुद्द अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या माँटेरे शेलमधील काढण्याजोग्या तेलाचा अंदाज २०११ मध्ये १५.४ अब्ज पिंप होता. २०१४ मध्ये तो ०.६ अब्जांवर आणला गेला. चीनने २०२० साठी वर्षाला ६० ते १०० अब्ज घनमीटर शेल गॅसचे उद्दिष्ट ठरवले, पुढे ते ३० वर आणले, आणि त्या वर्षी प्रत्यक्षात सुमारे २० अब्ज घनमीटर निघाला. तरीही चीनचे उदाहरण पोलंडपेक्षा वेगळे आहे, कारण तिथे सिचुआन खोऱ्यातील फुलिंगला एक चांगले क्षेत्र सापडले आणि ते सापडेपर्यंत खोदकाम थांबले नाही.

आता भौतिकी. शेल हा विचित्र खडक आहे. त्याची छिद्रे नॅनोमीटरच्या मापाची; त्यातला काही वायू त्या छिद्रांत मोकळा असतो, तर काही सेंद्रिय पदार्थाच्या भिंतींना अधिशोषणाने चिकटलेला असतो. त्याची पारगम्यता नॅनोडार्सीत मोजतात, नेहमीच्या वायुसाठ्याच्या वालुकाश्मापेक्षा लाखो पटींनी कमी. विहिरीत दाब कमी केल्यावर ती 'बातमी' खडकात किती लांब पोहोचते, हे विसरणाच्या समीकरणाने काढता येते. शंभर नॅनोडार्सी पारगम्यता, पाच टक्के सच्छिद्रता आणि सुमारे २० मेगापास्कल दाब धरला, तर दाबाचा बदल १० मीटर आत जायला दीड वर्षाच्या घरात वेळ लागतो. काळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून १०० मीटरसाठी तोच काळ दीडशे वर्षे होतो.

या एका गणितात शेल उद्योगाची सारी कहाणी आहे. आडवी विहीर का खोदतात, तिच्यात वीस-तीस ठिकाणी पाण्याच्या दाबाने भेगा का पाडतात, याचे उत्तर एवढेच की वायूला चालावे लागणारे अंतर शंभर मीटरवरून काही मीटरवर आणायचे असते. आणि त्याच गणिताला दुसरी बाजूही आहे. एका उभ्या विहिरीत एकदोन भेगा पाडून काही दिवस वायू जळताना दिसला, तर त्यावरून एवढेच कळते की भेगेला चिकटून असलेल्या खडकात वायू आहे. खोऱ्याविषयी त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. उलट, तशाच विहिरीतून वायू आला नाही किंवा लवकर आटला, तर तेवढ्यावरून खोरे निकामी ठरवणेही तितकेच चुकीचे. प्रवाह सुरुवातीला काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतोच. ती घट खोऱ्याच्या दारिद्र्याची खूण नाही.

म्हणून इच्छापूरची ज्योत पाहून आनंदोत्सव करणारे आणि पुढच्या विहिरींचा क्षीण प्रवाह पाहून श्राद्ध घालणारे, दोघेही एकाच परीक्षेत नापास आहेत. टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये मिचेल एनर्जीने पहिली विहीर १९८१ मध्ये खोदली आणि स्वस्तात चालणारी भेगा पाडण्याची पद्धत हाती लागली ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. मधल्या काळातल्या कोणत्याही एका वर्षी हिशेब मांडला असता तर 'बार्नेट चालत नाही' हेच उत्तर आले असते. जॉर्ज मिचेल यांच्या चिकाटीच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. मात्र त्याआधी, १९७६ पासून, अमेरिकी सरकारने पूर्वेकडील शेलवर स्वतःच्या खर्चाने गाभे काढून, मोजून, ते आकडे सर्वांसाठी प्रसिद्ध केले होते, हा भाग त्या कथांतून हमखास गळतो. उद्योजकाच्या धाडसाची गोष्ट सांगायला सोपी असते. सरकारी खडक-तक्त्यांची गोष्ट कोण ऐकणार?

आता विंध्य खोरे. सुमारे १ लाख ६२ हजार चौरस किलोमीटरचे हे खोरे मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि बिहार या राज्यांत पसरलेले आहे. त्याचा काही भाग गंगेच्या गाळाखाली आणि काही दख्खनच्या काळ्या खडकाखाली झाकलेला. दमोह जिल्ह्यातील जबेरा, नोहटा, हटा या गावांच्या नावांच्या विहिरींत वायू मिळाला आहे. डिसेंबर २०२० मध्ये अशोकनगरमुळे बंगाल खोरे देशातले आठवे उत्पादक खोरे ठरले. नववा मान विंध्याला मिळण्याची भाषा त्यानंतर कानांवर येऊ लागली. पण हटा परिसरातला वायू रोहतास चुनखडकाच्या घट्ट थरांतला आहे, शेलमधला नाही. तो जिथे तयार झाला त्या स्रोताचा शोध घेताना सेमरी गटातील शेल थरांकडे बोट दाखवले जाते. चुनखडकातून वायू निघाला म्हणजे शेलमध्ये अजून भरपूर उरला आहे, असा उलटा अर्थ काढणारे लोक आहेत. शेलमधून तो निघून गेला म्हणूनच चुनखडकात आला, असाही अर्थ तितक्याच जोमाने काढता येतो. दोन्हींतले खरे कोणते, ते खडकच सांगेल. विशेष म्हणजे ज्या अमेरिकी अहवालावरून भारताचे मोठे आकडे फिरतात, त्याने विंध्य खोऱ्यासाठी आकडा दिलेलाच नाही. माहिती पुरेशी नसेल तर गप्प राहावे, एवढा संयम त्या अहवालाने दाखवला. तो उद्धृत करणाऱ्यांनी मात्र दाखवला नाही.

विंध्याचा खडक फार म्हातारा आहे. खालच्या विंध्य थरांचे वय झिरकॉन स्फटिकांतील युरेनियम-शिशाच्या प्रमाणावरून सुमारे १.६ अब्ज वर्षे निघते. त्या वयावरूनही एकदा मोठे वादळ झाले होते. १९९८ मध्ये रफत आझमी यांनी रोहतास चुनखडकात सूक्ष्म कवचधारी जीवांचे अवशेष सापडल्याचे प्रसिद्ध केले आणि त्यावरून खडकाचे वय सुमारे ५४ कोटी वर्षे असावे असे सुचवले. त्यांच्यावर संशय घेतला गेला, जीवाश्म बनावट असल्याची कुजबुज झाली. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने त्याच भागातून पुन्हा नमुने गोळा केले तेव्हा जीवाश्म खरे निघाले, पण वय १.६ अब्ज वर्षेच ठरले. संशय घेणारे जीवाश्मांबाबत चुकले आणि आझमी वयाबाबत चुकले. वाद कोणाच्या पदाने किंवा प्रतिष्ठेने नव्हे, तर पुन्हा खडकाकडे जाऊन मिटला. हे उदाहरण इथे मुद्दाम आठवावे असे आहे.

कारण या वयामुळे शेलच्या मूल्यमापनात एक मजेदार अडचण उभी राहते. खडक वायू तयार होण्याइतका 'शिजला' आहे का, हे ठरवण्याची रूढ पद्धत म्हणजे व्हिट्रिनाइटची परावर्तकता. सूक्ष्मदर्शकाखाली व्हिट्रिनाइटचा कण किती प्रकाश परत फेकतो ते मोजायचे. जितका खडक तापलेला, तितकी चमक जास्त. दामोदर खोऱ्यात ही पद्धत उत्तम चालते. पण व्हिट्रिनाइट येतो लाकडातून, आणि १.६ अब्ज वर्षांपूर्वी पृथ्वीवर लाकूड नव्हते, जमिनीवर झाडे नव्हती. विंध्याच्या शेलमध्ये व्हिट्रिनाइट शोधणे म्हणजे अश्मयुगीन गुहेत शिलालेख शोधणे. तिथे घट्ट झालेल्या बिट्युमेनची परावर्तकता पाहावी लागते, किंवा कार्बनचा रामन वर्णपट घेऊन त्यातील दोन शिखरांचे अंतर आणि रुंदी यांवरून तापमानाचा इतिहास वाचावा लागतो. रामन यांच्या देशात हे काम करणारी उपकरणे आज कितीतरी विद्यापीठांत आहेत. उपकरणे आहेत, विद्यार्थी आहेत. नाही तो ताजा, खोलवरचा, नीट जपलेला गाभा.

गाभा म्हणजे विहिरीतून अखंड दंडगोल रूपात वर काढलेला खडक. खोदकामात वर येणाऱ्या चुऱ्यावरून थराचा रंग आणि जात कळते, वायू कळत नाही. आणि गाभ्याचेही नाटक असते. दोन किलोमीटर खोलीवरून तो वर येईपर्यंत दाब उतरतो आणि वायू निसटत राहतो. वर येताच तो हवाबंद डब्यात ठेवून, थराच्या तापमानाला राखून, सुटणारा वायू तासातासाने, दिवसादिवसाने मोजतात. पहिल्या काही तासांत सुटलेला वायू वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ती रेषा मागे ओढून वाटेत हरवलेल्या वायूचा अंदाज करतात. गाभा वर यायला जितका उशीर, तितकी ही ओढलेली रेषा लांब आणि तितका शेवटचा आकडा संशयास्पद. म्हणजे प्रतिटन वायू या एका आकड्याची गुणवत्ता विहिरीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या तत्परतेवर ठरते. दिल्लीतल्या सादरीकरणात ती दिसत नाही.

त्याच गाभ्यावरून सेंद्रिय कार्बन, मातीच्या खनिजांचे प्रमाण, खडकाचा ठिसूळपणा मोजतात. माती जास्त असलेला शेल दाबाखाली तडकत नाही, मळलेल्या कणकेसारखा दबतो; त्यात भेगा पाडल्या तरी मिटतात. पोलंडच्या अपयशात खडकाच्या या स्वभावाचाही वाटा होता. अशा शेलमध्ये वायू कितीही असो, तो तिथेच राहतो.

'हे सारे परदेशात जमते, आपल्याकडे कुठे' असा सुस्कारा टाकणाऱ्यांनी दूर जायला नको, कऱ्हाडपर्यंत जावे. कोयना परिसरातील भूकंपांचे मूळ समजून घेण्यासाठी पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या कार्यक्रमात सुमारे दीड किलोमीटर खोलीची नऊ छिद्रे घेतली गेली, आणि नंतर गोठणे येथे तीन किलोमीटरचे पथदर्शी छिद्र २०१७ मध्ये पूर्ण झाले. त्याआधी बेसॉल्टच्या खाली गाळाच्या खडकांचे थर असतील का, यावर तर्कवितर्क चालत. रासाटीच्या छिद्रात सुमारे ९३३ मीटरवर बेसॉल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइट लागला. मध्ये गाळाचा थर नाही. त्या छिद्रातून तेल निघाले नाही, वायू निघाला नाही, कोणी उद्घाटनाची ज्योत पेटवली नाही. पण एक प्रश्न कायमचा निकालात निघाला. नकार देणारी विहीर ही वाया गेलेली विहीर नसते, हे कोयनेने दाखवून दिले आहे. तेलाच्या धंद्यात मात्र अशा विहिरीला 'कोरडी' म्हणतात, तिची नोंद कपाटात जाते आणि पुढचा माणूस तीच चूक नव्याने करायला मोकळा होतो.

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीमधील बीटालू प्रदेशाचे उदाहरण विंध्याला अधिक जवळचे. तिथला वेल्केरी शेलही सुमारे १.४ अब्ज वर्षांचा, लाकूडपूर्व काळातला. 'इतक्या जुन्या खडकात आता काय उरले असणार' हा आक्षेप तिथेही होता. ओरिजिन एनर्जीने अमंगी एनडब्ल्यू-१एच ही आडवी विहीर खोदून, ११ टप्प्यांत भेगा पाडून, २०१६ मध्ये ५७ दिवस वायू मोजला, तेव्हा त्या आक्षेपाला पहिले ठोस उत्तर मिळाले. त्याच वर्षी तिथल्या सरकारने भेगा पाडण्यावर स्थगिती आणली, स्वतंत्र चौकशी नेमली, मार्च २०१८ मध्ये १३५ शिफारशींचा अहवाल आला आणि मगच स्थगिती उठली. त्या शिफारशींत खोदकामाआधी भूजल, जैवविविधता आणि मिथेनची पायाभूत मोजणी करण्याचा आग्रह होता. तिथे सर्व आलबेल आहे असे नव्हे. आदिवासी समाजाचा आणि पर्यावरणवाद्यांचा विरोध आजही तीव्र आहे. पण भांडणाला तिथे मोजलेले आकडे मिळाले आहेत. आपल्याकडे भांडणही उसन्या आकड्यांवर होते.

पाण्याचा प्रश्न तर विंध्यात टाळताच येत नाही. एका आडव्या विहिरीत भेगा पाडायला साधारण एक ते दोन कोटी लिटर पाणी लागते. दीड कोटी धरावे. जलजीवन मोहिमेचा माणशी रोज ५५ लिटरचा निकष लावला तर एवढ्या पाण्यात हजार वस्तीचे गाव नऊ महिने पाणी पिते. हटा ज्या सोनार नदीवर आहे ती केनला मिळते, आणि केनचे पाणी बेतव्यात वळवण्याचा प्रकल्प बुंदेलखंड कोरडा आहे याच कारणासाठी उभा राहतो आहे. एका हाताने बुंदेलखंडाला पाणी आणायचे आणि दुसऱ्या हाताने ते जमिनीत दाबायचे, याचा ताळेबंद एकाच कागदावर मांडला गेला पाहिजे. आज पाण्याचे मंत्रालय आणि पेट्रोलियमचे मंत्रालय वेगवेगळ्या वह्यांत लिहितात.

विरोधकांनाही इथे एक गोष्ट ऐकवावी लागेल. 'शेल म्हणजे भूकंप आणि पेटते नळ' एवढ्यावर ज्यांचा विरोध उभा आहे, त्यांनी ही भीती मोजून घेतलेली नाही. ब्रिटनमध्ये प्रेस्टन न्यू रोड येथे ऑगस्ट २०१९ मध्ये २.९ तीव्रतेचा धक्का बसला आणि तिथे काम थांबले, हे खरे. जबलपूरला १९९७ मध्ये ५.८ चा भूकंप झाला होता आणि सोन-नर्मदेची भेगरेषा विंध्याच्या दक्षिण कडेने जाते, हेही खरे. तो भूकंप सुमारे ३५ किलोमीटर खोलीचा होता, शेलच्या दोन-तीन किलोमीटरशी त्याची थेट तुलना होत नाही. पण म्हणून धोका शून्य ठरत नाही. त्याचे उत्तर घोषणांत नाही, खोदण्याच्या किमान वर्षभर आधी त्या परिसरात बसवलेल्या संवेदनशील भूकंपमापकांत आहे. नळातल्या मिथेनचेही तसेच. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियामधील डिमॉक गावाचा वाद वर्षानुवर्षे चिघळला, कारण खोदकामापूर्वी तिथल्या विहिरींत किती मिथेन होता हे कोणी नीट मोजून ठेवले नव्हते. कंपनी म्हणे तो आधीपासूनच होता, गावकरी म्हणत नव्हता. कार्बनच्या समस्थानिकांवरून उथळ जीवाणूजन्य मिथेन आणि खोल शेलमधला मिथेन वेगळे ओळखता येतात. पण त्यासाठी आधीचा नमुना हवा. तो नंतर मिळत नाही.

उरला सर्वांत वजनदार आक्षेप: ज्या देशात सौर वीज स्वस्त होत चालली आहे, तिथे जीवाश्म इंधनाच्या शोधावर पैसे का घालावेत? आक्षेप योग्य आहे, आणि कदाचित अंतिम उत्तर 'घालू नयेत' असेच येईल. पण देश आज वापरतो त्या वायूपैकी निम्म्याच्या आसपास आयात करतो, ऊर्जेत वायूचा वाटा २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर नेण्याचे सरकारचे जाहीर उद्दिष्ट आहे, आणि खताचे कारखाने सूर्यप्रकाशावर अजून चालत नाहीत. देशात किती वायू आहे हे माहीत नसताना 'नको' म्हणणे आणि 'हवाच' म्हणणे, दोन्ही धोरणे नव्हेत. दरम्यान आयातीचे दीर्घ मुदतीचे करार केले जातात, बंदरांवर टर्मिनले उभी राहतात, आणि त्या प्रत्येक निर्णयात 'आपल्याकडे शेल आहेच' किंवा 'शेल नाहीच' असे एक न तपासलेले गृहीतक शांतपणे बसलेले असते.

मूल्यमापनाची विहीर आणि उत्पादनाची विहीर यांत फरक करायला हवा, आणि तो निविदेतच करायला हवा. मूल्यमापनाच्या विहिरीचे यश निघालेल्या वायूवर मोजू नये. शेलच्या पूर्ण जाडीचा गाभा वर आला का, तो किती मिनिटांत डब्यात गेला, खडकातला ताण मोजला का, आणि आकडे ठरलेल्या मुदतीत प्रसिद्ध झाले का, यांवर मोजावे. अशा मोजक्या विहिरी विंध्याच्या वेगवेगळ्या भागांत झाल्या तरी आज आहे त्या अज्ञानाचा मोठा भाग उडून जाईल. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय भूकंपीय कार्यक्रमात न तपासलेल्या प्रदेशांत ४८ हजारांहून अधिक किलोमीटर लांबीचे सर्वेक्षण ठरवले गेले. भूकंपीय लहरी थराचा आकार दाखवतात, पण थराच्या पोटात काय आहे ते सांगत नाहीत. त्या सर्वेक्षणाचा पैसा वसूल व्हायचा असेल तर त्याच रेषांवर विहिरी घ्याव्या लागतील.

आणि आकडे खुले हवेत. २०१७ पासून राष्ट्रीय डेटा भांडार आहे, ही चांगली गोष्ट. परंतु गेल्या पंधरा वर्षांतील शेल विहिरींचे प्रतिटन वायू, कार्बन, खनिजे आणि प्रवाह यांचे विहिरीगणिक तक्ते एकत्र मांडलेले, ज्याला हवे त्याने उघडून पाहावे असे दालन अजून नाही. निवडक शोधनिबंधांतून काही आकडे झिरपतात, तेवढेच. विहिरी सार्वजनिक कंपनीच्या, खडक देशाचा, खर्च करदात्याचा. स्पर्धेचा बाऊ करून या नोंदी झाकण्याचे कारण तरी काय? जिथे उत्पादनच नाही तिथे कोणते गुपित जपायचे आहे? दमोहला लागून असलेल्या सागरच्या विद्यापीठात भूविज्ञान शिकणारा विद्यार्थी पेनसिल्व्हेनियाच्या शेलवर प्रकल्प करू शकतो, कारण तिथले आकडे घरबसल्या मिळतात. पायाखालच्या खडकावर त्याला तो करता येत नाही.

ही दालने उघडायला नवे धोरण लागत नाही, एक आदेश पुरतो. हटा, जबेरा आणि नोहटा परिसरातल्या गावविहिरींचे पाणी बाटल्यांत भरून त्यातला मिथेन आणि त्याचे समस्थानिक मोजायला रिग लागत नाही. एक जीप, दोन विद्यार्थी आणि जवळची प्रयोगशाळा लागते. ते काम पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा करावे लागेल, कारण भूजलाची पातळी बदलली की मिथेनही बदलतो.